पाहुण्यांच्या ताटातलं उल्ते

“नियम मोडायला बाहेरून कुणी यायचं नाही, सूनबाई. घरचंच कुणीतरी मोडेल. आणि मोडताना त्याला वाटत असेल, आपण चार माणसांत शोभेल असंच करतोय.”

रोसेंदोकाका, माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ आणि आमच्या किनाऱ्याचे म्होरके, हे बोलले तेव्हा आम्ही कड्यावर उभे होतो. खाली समुद्र मागे सरला होता आणि आमचे खडक उघडे पडले होते. मी लिकानला कडेवर घेऊन रस्त्याच्या वळणाकडे पाहत होते. त्या वळणावरून एक पांढरा ट्रक यायचा. अंधारात माणसं उतरवायचा, आमचं कोचायुयो, म्हणजे खडकांवर वाढणारं लांब पट्ट्यांचं समुद्रशेवाळ, मुळासकट ओरबाडून पहाटेच्या आत निघून जायचा. तेमुको शहराच्या कॉलेजात असताना मी या चोरट्या कापणीवर पानंच्या पानं लिहिली होती. घरचं कोण मोडेल? थोरले काका आता म्हातारे झाले, त्यांना सगळीकडे भुतं दिसतात, असं मनात म्हणून मी नुसतं “हो काका” म्हटलं आणि पोरीचं नाक पुसलं.

बंदी माझ्याच शब्दांत झाली होती. दोन हिवाळे खडकांवर कुणीही विळा लावायचा नाही. दोन हिवाळे म्हणजे आमच्या घरांना किती जड, हे सांगायला नको. काहींच्या घरी सुकवलेल्या कोचायुयोच्या पेंढ्यांवरच मुलांच्या वह्या येतात. पण बदल्यात डोंगरवाले त्यांचं निलगिरीचं रान उपटणार होते. ते रान आमच्या पाणथळीच्या डोक्यावर उभं आहे आणि तिचं पाणी शोषून घेतं. माझ्या नवऱ्याच्या, नेफ्तालीच्या, आजोबांच्या वेळी त्या पाणथळीत बैल बुडेल एवढा चिखल असायचा. गेल्या उन्हाळ्यात तिथं लिकान चपला न भिजवता चालत गेली. विहीर आटली, नगरपालिकेचा टँकर आला, त्या पाण्यानं पोरीचं पोट जे बिघडलं ते महिनाभर. नेफ्ताली तेव्हा दक्षिणेत पाणबुड्याच्या कामावर होता. मी एकटी पोरीचं अंग चाचपत बसायचे. आजही तिनं पाणी प्यायलं की मी तिच्या तोंडाकडे बघते.

तर सौदा असा होता. जंगल त्यांच्याकडं, किनारा आमच्याकडं, मधली पाणथळ दोघांची. सरकारकडं अर्ज-विनंत्या करून आम्ही समुद्रकाठ राखण्याचा हक्क मिळवला होता, पण हक्क मिळाला म्हणून पाणी परत येत नाही. डोंगरवाल्यांचा म्होरक्या बेलार्मिनोकाका म्हणाला होता, आधी तुम्ही हात आवरून दाखवा, मग आम्ही कुऱ्हाड उचलू. बेलार्मिनो म्हणजे परका नव्हे. रोसेंदोकाकांच्या सख्ख्या आत्याचा मुलगा. निलगिरीवरून त्या दोघांत इतकं बिनसलं होतं, की सासऱ्यांच्या मयताला तो बाहेरच उभा राहिला. एवढ्या वर्षांनी तो जेवायला येणार होता. त्याच्याबरोबर डोंगरावरची सगळी घरं येणार होती, आणि आमच्या पवित्र फोये झाडाखाली दोन्हीकडच्यांनी एकमेकांना शब्द द्यायचा होता.

आणि त्याची आई, फिदेलिनाआत्या, येणार होती. ती आमच्या घरची लेक. डोंगरावर दिलेली.

*

पुढचं मी पाहिलेलं नाही. सासूबाईंनी ते मला नंतर चुलीपाशी सांगितलं. एक वाक्य, मग माते चहाचा एक घोट, मग दुसरं वाक्य, असं.

आत्या आदल्या संध्याकाळीच आली. डोळ्यांनी आता तिला उजेड-अंधार तेवढा कळतो. रोसेंदोकाकांनी तिला गाडीतून उचलून आत आणलं, तेव्हा उंबऱ्यावरच तिनं नाक वर केलं आणि म्हणाली, “माझ्या बापाच्या घराला अजून तोच धूर.” मग रात्री जेवताना हसत म्हणाली, की डोंगरावर सगळं मिळतं, मेंढी मिळते, मध मिळतो, पण उल्ते कुणी खाऊ घालत नाही. एकदा ते तोंडात पडलं की मी जायला मोकळी.

सगळे हसले. सासूबाई हसल्या नाहीत.

औदोलिया, म्हणजे माझी सासू, या किनाऱ्याची नाही. ती तलावापलीकडून आलेली. नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिला समुद्राची भीती वाटायची, आणि तिच्या सासूला तिच्या भीतीचं हसू यायचं. माहेरपणाला आलेल्या फिदेलिनाआत्यानंच तिला हाताला धरून ‘म्हातारीची दाढ’ या खडकावर नेलं होतं. लाट कशी मोजायची, पाठ कधी फिरवायची नाही, पट्ट्या कुठवर कापायच्या, हे सगळं तिनंच शिकवलं. वरच्या पट्ट्या कापल्या तर झाड जगतं. खालचा कोवळा बुंधा घेतला, म्हणजे उल्ते घेतलं, की ते झाड गेलं. म्हणून उल्ते रोज खायचं नसतं. ते बाळंतिणीला, म्हाताऱ्यांना, आणि माहेरी आलेल्या लेकीला.

पहाटे ओहोटी होती. सासूबाई उठल्या, विळा कमरेला लावला, परकर खोचला. खडकावर पोचल्यावर त्यांनी नेहमीसारखं समुद्राला विचारलं, मूठभर भाजलेलं पीठ पाण्यात सोडलं, कुणासाठी हवंय तेही सांगितलं. मग एकच झाड घेतलं.

मी त्यांना विचारलं, “आई, बंदी आठवली नाही का तुम्हाला?”

“आठवली ना. बंदी ट्रकवाल्यांना. विकणाऱ्यांना.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारत होते. “पाहुण्याच्या ताटाला कसली बंदी? माहेरवाशीण आली, तिच्यापुढं मी बटाटे ठेवू?”

*

आमच्यात उपाशीपोटी शब्द देत नाहीत. आधी प्रार्थना, मग जेवण, मग बोलणं. फोयेच्या फांद्या हातात धरून सकाळ झाली, दोन्हीकडच्या बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या, ज्यांनी मारल्या नाहीत त्यांच्यावर सगळ्यांची नजर राहिली. मग लांब फळ्यांच्या टेबलांवर माणसं बसली. मेंढीचं मटण होतं, उकडलेल्या गव्हाचे मुटके, कढईतून उतरलेल्या पुऱ्या, आंबवलेल्या धान्याच्या मुदायचे तांबे.

आणि नणंद हेर्मिंदा आतून मातीचा वाडगा घेऊन आली. तिला वाटलं होतं आत कांद्याची कोशिंबीर आहे. मधोमध ठेवल्यावर तिनं पाहिलं. कांदा होता, कोथिंबीर होती, लिंबू होतं, आणि त्यात निखाऱ्यावर भाजून गोल चकत्या केलेलं उल्ते. पांढरं, ओलं, चकाकणारं.

उल्ते सुकवून ठेवता येत नाही. ते कधीचं आहे, हे विचारावं लागत नाही.

माझ्या समोर डोंगरावरचा एक तरुण बसला होता. त्याचा काटा हवेतच थांबला. त्याच्या शेजाऱ्याचा थांबला. बोलणं टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं विझत गेलं. आमच्यात वाढलेलं नाकारणं म्हणजे घरधन्याच्या तोंडावर थुंकणं. खाता आलं नाही तर बांधून न्यावं, पण नको म्हणू नये. आणि हे खाल्लं, तर मोडलेल्या बंदीतला वाटा खाल्ला. पाहुण्यांना आम्ही अशा कोपऱ्यात बसवलं होतं, की तिथून मानानं उठायला वाटच नव्हती.

बेलार्मिनोकाका वाडग्याकडे बघत होता. त्यानं पुढं कधीतरी, मुदाय जास्त झाल्यावर, मला त्या क्षणाचं खरं सांगितलं. म्हणाला, “मला आनंद झाला होता गं पोरी.” ते रान त्यानं स्वतःच्या हातानं लावलं होतं, पोराच्या शिक्षणासाठी. घरातून निघताना धाकट्या जावयानं त्याला टोमणा मारला होता की किनाऱ्यावरचे तुम्हाला मटण खाऊ घालून नागवणार. शब्द तर द्यायचा होता, पण पाय जड झाले होते. आणि इथं, काही न बोलता, काही न मागता, समोर सुटका वाढून ठेवलेली. नुसतं उठायचं आणि घरी जायचं. झाडं उभी राहतील आणि दोष कुणाचा, तर आमचा.

तो उठणारच होता. पण त्याच्या शेजारी त्याची आई, फिदेलिनाआत्या, बसली होती. तिला वाडगा दिसत नव्हता, सगळे गप्प का झाले तेही कळत नव्हतं. तिला वास आला. तिनं हात पुढं केला, एक चकती बोटांनी उचलली, आणि दात नसलेल्या हिरड्यांनी हळूहळू चावली. तिचा चेहरा असा उजळला की बघवेना.

“आजच्या ओहोटीचं,” ती म्हणाली. “औदोलिया, तू गेलीस माझ्यासाठी.”

*

हेर्मिंदाचं डोकं माझ्यापेक्षा चपळ आहे. माझी आणि तिची कधी फारशी गट्टी नव्हती. मी शिकलेली म्हणून ती मला ‘बाईसाहेब’ म्हणते. पण त्या क्षणी तिनं टेबलापलीकडून माझ्याकडं पाहिलं आणि आम्ही दोघी एका बाजूला झालो. ती हसत म्हणाली की आत्याचं आपलं काहीतरीच, हे काल आमच्या या वहिनीनं, नायादेतनं, पलीकडच्या बंदरावरून विकत आणलंय. हो ना गं?

मी हो म्हणणार होते. लिकान माझ्या मांडीवर होती, तिच्या पेल्यात टँकरचं पाणी होतं, आणि त्या डोंगरावरची झाडं पडल्याशिवाय त्या पेल्यात दुसरं पाणी येणार नव्हतं. पलीकडच्या बंदरावर बंदी नाही. विकत आणलं म्हटलं की सगळे सुटले: पाहुणे सुटले, बेलार्मिनोकाका सुटला, सासूबाई सुटल्या. टेबलावर कुणीतरी सुस्कारा टाकलासुद्धा. त्या तरुणाचा काटा खाली येऊ लागला.

आणि सासूबाई दारातून बोलल्या.

“विकत?”

त्या चुलीपासून उठून आल्या होत्या. हात पिठानं भरलेले, डोक्याला निळा रुमाल.

“या घरात समुद्राची वस्तू विकत आलेली कुणी ऐकलीय का? हेर्मिंदा, तुझ्या बापाच्या घरात? मी जिवंत असताना?”

“आई,” हेर्मिंदा दातांत म्हणाली, “गप बस.”

“का गप बसू? मी कापलंय ते. म्हातारीच्या दाढेवरून. एक झाड. विचारून घेतलंय, देऊन घेतलंय. आत्याबाईंना वाढायला दुसऱ्याच्या हातचं शिळं आणीन मी? लोक काय म्हणतील, औदोलियाला आता खडकावर उतरता येत नाही?”

हे सगळं त्या मोठ्या ताठ मानेनं म्हणाल्या. आणि म्हणता म्हणताच, मला त्यांच्या तोंडावर ते दिसलं. त्यांनी वाडग्याकडं पाहिलं. मग आत्याच्या हातातल्या दुसऱ्या चकतीकडं. मग त्या तरुणाच्या काट्याकडं, बेलार्मिनोकाकाकडं, आणि शेवटी लिकानच्या पेल्याकडं. त्यांनी हात परकराला पुसले. पुसून झाल्यावरही पुसतच राहिल्या.

*

रोसेंदोकाकांनी धाकट्या भावाला, माझ्या सासऱ्यांना, शब्द दिला होता की औदोलियाला कधी खाली बघायला लावणार नाही. त्या टेबलाशी ते आठवल्यावाचून राहिलं नसेल. ते बराच वेळ टोपी हातात फिरवत होते. म्होरक्या म्हणून त्यांच्यापुढं दोन वाटा होत्या आणि त्या दोन्हींच्या टोकाला घरचंच माणूस उभं होतं.

मग ते म्हणाले, “सूनबाई, नियमाचे शब्द तू लावलेस. मोडला तर काय, ते सांग. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग.”

मी लिकानला हेर्मिंदाकडं दिलं आणि उभी राहिले. ते शब्द लावताना माझ्या डोळ्यांसमोर पांढरा ट्रक होता. ट्रकवाले गारठत खडकावर राखण करत बसलेत, या कल्पनेनं मी आणि नेफ्ताली फोनवर खदाखदा हसलो होतो. आता मला सासूबाईंच्या तोंडाकडं बघून ते बोलायचं होतं. त्यांनी माझ्या बाळंतपणात मला आठ-आठ दिवस अंथरुणातून उठू दिलं नव्हतं.

“मोडणाऱ्याचा खडक एक हिवाळा जास्त बंद,” मी म्हटलं. “मोडणाऱ्याचा विळा सभाघरात टांगायचा. आणि बंदी उठेपर्यंत ओहोटीच्या वेळी खडकांवर मोडणाऱ्यानं राखण करायची.”

“मोडणारा म्होरक्याच्या घरचा असेल तर?” डोंगरावरच्यांपैकी कुणीतरी विचारलं.

“तसं काही लिहिलेलं नाही,” मी म्हटलं. “सगळ्यांना तेच.”

सासूबाईंनी कमरेचा विळा काढला. मूठ त्यांच्या नवऱ्यानं कोरलेली होती, तळहाताच्या घामानं काळी पडलेली. त्या टेबलाला वळसा घालून आल्या आणि विळा थोरल्या दिरांच्या हातात न देता बेलार्मिनोकाकाच्या ताटाशेजारी ठेवला. पाती स्वतःकडं करून.

“भाऊजी, तुम्हीच टांगा,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडं राहिला तर लोक म्हणतील, रात्री खाली उतरवत असतील.”

बेलार्मिनोकाकाच्या हातातून सुटका निसटत चालली होती, आणि ते त्याला कळत होतं. तेवढ्यात आत्या म्हणाली, “झालं का तुमचं? मग जेवा की. समुद्रानं दिलेलं टाकलं तर तो दुसरा गुन्हा होईल. दंड ठरलाय, आता पाप कसलं?”

कुणीतरी फिसकन हसलं. मग तिनंच वाडगा चाचपत मुलाकडं सरकवला. बेलार्मिनोकाकानं एक चकती घेतली. त्या तरुणानं घेतली. वाडगा दोन्ही टेबलांवरून फिरला, किनाऱ्यावरच्यांनी, डोंगरावरच्यांनी, प्रत्येकानं एकेक उचलली, आणि रोसेंदोकाकांपर्यंत आला तेव्हा त्यात कांदाच उरला होता. त्यांनी तो खाल्ला.

“दादा,” बेलार्मिनोकाका म्हणाला. कितीतरी वर्षांनी त्यानं त्यांना दादा म्हटलं. “झाडं मी पावसाळ्यानंतर पाडणार होतो. तेवढाच अजून थोडा वेळ मिळेल, म्हणत होतो.”

“मग?”

“मग काय. तुम्ही घरच्या थोरल्या बाईचा विळा माझ्या ताटाशी ठेवता, आणि मी पावसाळ्याची वाट बघत बसू? माझी आई मला घरात घेईल का?” तो उठला आणि जावयाकडं वळला. “जा, करवती आण. आणि तोंड नीट कर. मटण आवडलं ना?”

शब्द फोयेखाली दिला गेला, रीतसर, आमच्या भाषेत आणि सरकारच्याही. पण शब्द कधी दिला गेला असं मला कुणी विचारलं, तर मी तो वाडगा सांगते.

*

पहिलं झाड त्याच दुपारी पडलं. बाकीची पडायला बरेच दिवस लागले. जिथं बुंधे निघाले तिथं हेर्मिंदानं आपल्या रोपवाटिकेतली फोये, पित्रा आणि तेमू या पाणी धरणाऱ्या इथल्याच झाडांची रोपं लावली. मला म्हणाली, बाईसाहेब, हातमोजे काढा, रोपाला माणसाचा हात कळतो. मी काढले. पाणथळीला पहिल्या वर्षी काही फरक दिसला नाही आणि मी रोज जाऊन बघून आजारी पडायची बाकी राहिले. दुसऱ्या वर्षी एका सकाळी बेडकांचा आवाज आला. लिकान काठावर थांबली, कुणी न सांगता “मारी मारी” म्हणून पाण्याला नमस्कार केला, आत येऊ का विचारलं, आणि एक पाऊल टाकताच घोट्यापर्यंत रुतली. चप्पल आतच राहिली. ती अजून तिथंच आहे. मी काढू दिली नाही.

पांढरा ट्रक एकदाच परत आला. सासूबाई खडकावर बसल्या होत्या. त्यांनी माणसांना काय सांगितलं कुणास ठाऊक, पण ती माणसं पोती तशीच टाकून पळाली आणि त्या पोत्यांत आम्ही बटाटे भरले.

बंदी उठली, तशी त्यांची राखणही संपली. विळा बेलार्मिनोकाकानं स्वतः परत आणून दिला. त्यांनी तो खिळ्याला टांगला आणि दुसऱ्या दिवशी ओहोटीला पुन्हा खडकावर जाऊन बसल्या. आता तिथं इतकं दाट उगवलंय की लाट खडकाला लागतच नाही, वरच्यावर शेपटासारखी हलते. त्यांना ते बघायचं असतं. शेजारच्या गावांची माणसं नियम कसे करायचे ते विचारायला येतात, तेव्हा रोसेंदोकाका त्यांना माझ्याकडं पाठवत नाहीत. खडकावर पाठवतात. “तिला विचारा,” म्हणतात, “पहिली तीच सापडली.” आणि सासूबाई ती गोष्ट अशा थाटात सांगतात, जणू गुन्हाही त्यांनीच नीट पार पाडला आणि शिक्षाही.

मी मात्र आता आठवडाभर तेमुकोत असते, शाळेत शिकवते. लिकान माझ्याजवळ. नेफ्ताली दक्षिणेत. कड्याखाली फोन लागत नाही. वारा सुटला की वर्गात शिकवताना माझं बोलणं थांबतं, आणि मुलं एकमेकांकडं बघतात.

म्हणून, तुमचं कधी त्या वळणाच्या रस्त्यानं जाणं झालं आणि समुद्र मागे सरलेला असेल, तर जरा थांबा. कड्यावरून खाली बघा. निळा रुमाल दिसेल. हाक वाऱ्याच्या बाजूनं मारा, नाहीतर त्या दचकतात. पायात कोरडे मोजे आहेत का, सकाळपासून काही खाल्लंय का, एवढं विचारा. मी पाठवलंय हे सांगू नका. त्या तुम्हाला बसवून घेतील आणि रुमालाच्या गाठीतलं काहीतरी पुढं करतील. थंड उकडलेला बटाटा असेल, मेर्केनची तिखट पूड लावलेला.

नको म्हणू नका.